डी-बसवरच्या सर्व्हिसची युनिट टेस्ट: चालू डेस्कटॉपला धक्का न लावता

लिनक्स डेस्कटॉपवर दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा डी-बसवरून. वाय-फायची यादी, बॅटरीची टक्केवारी, कोपऱ्यात उमटणारी सूचना या सगळ्यांमागे तीच असते. अशी सर्व्हिस लिहिणं फार अवघड नाही. अवघड असतं तिची टेस्ट लिहिणं, कारण तुमच्या लॅपटॉपवर बस आधीच चालू असते आणि टेस्ट नकळत तिलाच जाऊन चिकटते. मग खरी सूचना खऱ्या पडद्यावर येते, खरी सेटिंग बदलते. तीच टेस्ट बिल्ड सर्व्हरवर (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या मशीनवर) नेली की तिथे डेस्कटॉपच नसल्यामुळे पहिल्या ओळीत कोसळते.

उदाहरणासाठी ‘बॅटरी-इशारा’ नावाची छोटी सर्व्हिस धरू. ती सिस्टम बसवर यूपॉवर या बॅटरीची माहिती देणाऱ्या सर्व्हिसकडून टक्केवारी ऐकते आणि १० टक्क्यांच्या खाली गेली की सेशन बसवर ‘बॅटरीकमी’ हा सिग्नल सोडते. म्हणजे दोन्ही बस आल्या: सिस्टम बस संपूर्ण मशीनची एकच, सेशन बस लॉग-इन केलेल्या प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची. टेस्ट करताना हा फरक सतत डोक्यात ठेवावा लागतो.

आज्ञा, व्हेरिएबल आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची: आज्ञा लहान अक्षरांत, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत.

काय काय लागेल

- डी-बसचं मूळ पॅकेज. डेबियन-उबंटूवर त्याचं नाव ‘डीबस’, फेडोरावर ‘डीबस-डेमन’. त्यात ‘डीबस-डेमन’ आणि ‘डीबस-रन-सेशन’ या दोन्ही आज्ञा मिळतात. दुसरी आज्ञा १.८ आवृत्तीपासून आहे.
- ‘पायथन३-डीबसमॉक’. मार्टिन पिट यांनी लिहिलेली ही लायब्ररी खोट्या सर्व्हिस उभ्या करते. टेस्ट केली जाणारी सर्व्हिस सी, रस्ट, काहीही असली तरी चालते.
- ‘पायथन३-डीबस’ आणि मेन लूपसाठी (येणारे संदेश हाताळत सतत फिरणारा लूप) ‘पायथन३-जीआय’.
- हाताने तपासायला ‘जीडीबस’ ही आज्ञा. उबंटूवर ती ‘लिबग्लिब२.०-बिन’ पॅकेजमध्ये असते.
- एक कागद. तुमची सर्व्हिस कोणतं नाव घेते, कोणत्या बसवर घेते, कुणाला हाक मारते, कोणते सिग्नल ऐकते हे सगळं त्यावर लिहून काढा. हा कागद नसेल तर पुढे कुठली गोष्ट खोटी उभी करायची राहून गेली ते कळत नाही.

१. बसशी संबंध नसलेला भाग आधी बाहेर काढा

‘आधीची टक्केवारी इतकी, आताची इतकी, इशारा द्यायचा का’ हा निर्णय साध्या फंक्शनमध्ये ठेवा. त्यात डी-बसचं नावही येऊ देऊ नका. १०.१ वरून ९.९, नेमके १०.०, चार्जर लावलेला असताना ९, अशा सगळ्या काठावरच्या केसेस इथेच तपासून घ्या. यूपॉवर टक्केवारी पूर्णांकात नाही, दशांशात देतं, म्हणून काठावरच्या केसेस नीट हव्यात.

अशा टेस्ट मिलिसेकंदात संपतात. बसवरच्या टेस्टसाठी मग फक्त जोडणी उरते: नाव घेतलं का, सिग्नल ऐकला का, उत्तर बरोबर प्रकारात गेलं का. ज्यांच्या बसवरच्या टेस्टची संख्या शेकड्यात जाते, त्यांनी बहुधा ही पायरी गाळलेली असते.

२. रिकामी बस उभी करा

सुरुवात या एका ओळीने होते:

डीबस-रन-सेशन -- पायथन३ -एम युनिटटेस्ट

ही आज्ञा नवा डेमन (बस चालवणारी, मागे चालणारी प्रोसेस) सुरू करते, ‘डीबस_सेशन_बस_ॲड्रेस’ या व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता घालते, तुमचा प्रोग्राम चालवते आणि प्रोग्राम संपला की डेमनही मारते. प्रोग्रामचा एक्झिट कोड जसाच्या तसा परत येतो. १२७ आला तर बहुधा खुद्द ‘डीबस-रन-सेशन’लाच काहीतरी अडलं. १२८ पेक्षा मोठा आकडा आला तर त्यातून १२८ वजा करा, प्रोग्राम कोणत्या युनिक्स सिग्नलने (डी-बसच्या नव्हे) मेला ते कळेल.

बस खरोखर रिकामी आहे का ते आधी डोळ्यांनी पाहून घ्या. ‘डीबस-रन-सेशन’च्या आत ‘जीडीबस कॉल’ने ‘ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.डीबस’च्या ‘लिस्टनेम्स’ला हाक मारा. उत्तरात दोनच नावं दिसायला हवीत: बसचं स्वतःचं आणि हाक मारणाऱ्याचं ‘:१.०’. तीच हाक बाहेर, तुमच्या चालू सत्रात मारलीत तर नावांची लांबलचक यादी येईल. हीच तपासणी टेस्टच्या सेटअपमध्ये ठेवा. अनोळखी नाव दिसलं की टेस्ट तिथेच थांबली पाहिजे.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला सापळा: पत्त्याचं व्हेरिएबल नुसतं पुसून टाकणं म्हणजे एकांत नव्हे. ते नसेल तर लायब्ररी ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ या फोल्डरमधला ‘बस’ नावाचा सॉकेट शोधते, आणि तो तुमच्या खऱ्या सत्राचाच असतो.

दुसरा जास्त घातक आहे. ‘डीबस-रन-सेशन’ फक्त सेशन बस बदलतं, सिस्टम बसला हातही लावत नाही. म्हणजे आपली बॅटरी-इशारा सर्व्हिस अजून खऱ्या यूपॉवरशीच बोलत राहील आणि टेस्टचा निकाल तुमचा चार्जर लावलेला आहे की नाही यावर ठरेल. त्यासाठी ‘डीबस_सिस्टम_बस_ॲड्रेस’ वेगळं द्यावं लागतं. ते सेशनच्याच नव्या पत्त्यावर वळवणं हा सोपा उपाय आहे. पण त्यात सर्व्हिस चुकून भलत्याच बसवर बोलली तरी टेस्ट हिरवीच (म्हणजे पास) राहते. आपल्या उदाहरणात दोन्ही बस असल्यामुळे दोन वेगळे डेमनच हवेत, ते चौथ्या पायरीत येतील.

तिसरा: जुन्या लेखांत ‘डीबस-लाँच’ दिसेल. टेस्टसाठी ते वापरू नका. ते डेमन मागे सोडून जातं आणि पन्नास वेळा टेस्ट चालवली की मशीनवर पन्नास अनाथ डेमन फिरत राहतात.

३. बसच्या आजूबाजूचं घरही वेगळं करा

नवीन लोक सर्वांत जास्त इथे फसतात. बस नवी असली तरी तिची कॉन्फिगरेशन मशीनचीच असते. मशीनवर ज्या ज्या सर्व्हिसची ‘.सर्व्हिस’ फाइल आहे, तिला कुणी हाक मारली की ही नवी बस ती खुशाल सुरू करते. टेस्टने एखादी सेटिंग बदलली, तर डीकॉन्फची (डेस्कटॉपच्या सेटिंग साठवणारी) सर्व्हिस तुमच्या एकांतातल्या बसवर जागी होते आणि लिहिते मात्र तुमच्या खऱ्या होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये. बस वेगळी असूनही तुमची सेटिंग बदलली.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही हवेत.

एक म्हणजे ‘होम’, ‘एक्सडीजी_कॉन्फिग_होम’, ‘एक्सडीजी_डेटा_होम’, ‘एक्सडीजी_कॅश_होम’ आणि ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ ही पाचही व्हेरिएबल तात्पुरत्या फोल्डरकडे वळवा. शिवाय ‘जीसेटिंग्ज_बॅकएंड’ला ‘मेमरी’ आणि ‘जीआयओ_यूज_व्हीएफएस’ला ‘लोकल’ ही किंमत द्या. हे सगळं डेमन सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे. बस ज्या सर्व्हिसना स्वतः सुरू करते त्यांना डेमनच्या जन्मावेळचं एन्व्हायर्नमेंट मिळतं. तुम्ही नंतर टेस्टमध्ये बदललेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा उपाय: बसची स्वतःची छोटी कॉन्फिगरेशन फाइल लिहा आणि ‘--कॉन्फिग-फाइल’ने ती द्या. तिच्यात चारच गोष्टी लागतात. प्रकार ‘सेशन’. ऐकण्याचा पत्ता ‘युनिक्स:टीएमपीडिर’ म्हणून ‘/टीएमपी’. एकच ‘सर्व्हिसडिर’, तोही तुमच्या टेस्टच्या फोल्डरमधला. आणि पॉलिसी, जिच्यात नाव घ्यायला, संदेश पाठवायला व स्वीकारायला सगळ्यांना परवानगी असेल. पॉलिसी लिहायला विसरलात तर डेमन सुरू होईल, पण जो येईल त्याला ‘ॲक्सेसडिनाइड’ म्हणत परत पाठवेल, कारण परवानगी नसणं हाच त्याचा मूळ स्वभाव आहे.

सॉकेटचा पत्ता आखूड ठेवा. लिनक्सवर युनिक्स सॉकेटच्या पत्त्याला १०८ बाइटची मर्यादा आहे. बिल्ड सर्व्हर खोल, लांब नावांच्या फोल्डरमध्ये काम करत असेल तर तिथे सॉकेट तयारच होत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक चालतं.

सर्व्हिसच्या ‘.सर्व्हिस’ फाइलमध्ये ‘एक्झेक’समोर खरा मार्ग आहे ना तेही बघा. काही सर्व्हिस फक्त सिस्टमडीवरून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामवरून) सुरू होण्यासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या ‘एक्झेक’मध्ये ‘/बिन/फॉल्स’ असतं. टेस्टच्या बसला सिस्टमडी माहीत नसल्यामुळे ती ‘/बिन/फॉल्स’च चालवते. टेस्टसाठी अशा फाइलची वेगळी प्रत ठेवा.

४. खोटं यूपॉवर उभं करा

लॅपटॉपची बॅटरी १० टक्क्यांवर येण्याची वाट बघत कुणी टेस्ट लिहीत नाही. डीबसमॉकमध्ये यूपॉवर, नेटवर्क मॅनेजर, लॉगइनडी, ब्लूझ५, सूचना दाखवणारा डेमन अशा नेहमीच्या सर्व्हिसचे तयार साचे आहेत. टेस्टचा क्लास ‘डीबसटेस्टकेस’वरून घ्या. क्लासच्या सेटअपमध्ये ‘स्टार्ट_सिस्टम_बस’ आणि ‘स्टार्ट_सेशन_बस’ या दोघांना हाक मारा. ते दोन वेगळे डेमन सुरू करतात आणि दोन्ही पत्त्यांची व्हेरिएबल स्वतःच बदलतात. बाहेरून ‘डीबस-रन-सेशन’चं कवच तरीही राहू द्या. एखाद्या क्लासमध्ये सेशन बस सुरू करायची राहून गेली तर ती टेस्ट निदान रिकाम्या बसवर आपटेल, तुमच्या डेस्कटॉपवर नाही.

मग प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये ‘स्पॉन_सर्व्हर_टेम्प्लेट’ला ‘यूपॉवर’ हे नाव आणि ‘ऑनबॅटरी’ खरं असल्याचं सांगा. ती प्रोसेस आणि ऑब्जेक्ट अशी जोडी परत करते. त्या ऑब्जेक्टवर ‘ॲडडिसचार्जिंगबॅटरी’ मारा: नाव, मॉडेल, टक्केवारी ३०.०, संपायला उरलेले सेकंद १२००. परत येतो तो बॅटरीचा ऑब्जेक्ट पाथ. तो जपून ठेवा, पुढे टक्केवारी बदलायला तोच लागतो.

साचा नसलेल्या सर्व्हिससाठी ‘स्पॉन_सर्व्हर’ आणि ‘ॲडमेथड’ आहेत. ‘ॲडमेथड’ला इंटरफेस, नाव, आत येणारे प्रकार, बाहेर जाणारे प्रकार आणि पायथनची एक ओळ द्यायची. त्या ओळीतून एररही उठवता येते, आणि ती उठवाच. समोरची सर्व्हिस एरर देते तेव्हा आपली काय करते, ही टेस्ट बहुतेक प्रकल्पांत राहिलेली असते.

एक बारीक सापळा: मॉकचं, म्हणजे खोट्या सर्व्हिसचं, आउटपुट ‘पाइप’मध्ये घेतलंत आणि वाचलंच नाहीत, तर पाइप भरल्यावर मॉक जागीच थिजतो. लिनक्सवर पाइप साधारणपणे ६४ किलोबाइटची असते आणि मॉक आलेली प्रत्येक हाक तिच्यात लिहितो. छोट्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, मोठ्या संचात मधेच दिसतं आणि दिवस खातं. आउटपुट नको असेल तर ‘डेव्हनल’ला, हवं असेल तर फाइलमध्ये घ्या.

५. आपली सर्व्हिस वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा

सर्व्हिस आणि तिला हाक मारणारी टेस्ट एकाच थ्रेडमध्ये ठेवलीत, आणि हाक उत्तर येईपर्यंत थांबणारी असली, तर टेस्ट उत्तराची वाट बघत बसते आणि उत्तर देणारा मेन लूप टेस्ट मोकळी होण्याची. शेवटी ‘नोरिप्लाय’ एरर येते.

२५ हा आकडा लक्षात ठेवा. मेथडच्या हाकेची ठरलेली मुदत बहुतेक लायब्ररींत २५ सेकंद असते. टेस्ट बरोबर २५ सेकंद गप्प राहून पडली, तर आधी ‘एकाच थ्रेडमध्ये अडकलो का’ आणि ‘समोरचा मेन लूप चालू आहे का’ हे दोनच प्रश्न विचारा. टेस्टमधल्या हाकांची मुदत दोन-तीन सेकंदांवर आणलीत तर हे लवकर उघडं पडतं.

सर्व्हिस सुरू केल्यावर ‘स्लीप’ लावून थांबू नका. अर्धा सेकंद तुमच्या मशीनवर पुरतो, पण भार असलेल्या सर्व्हरवर पुरत नाही. मग कुणीतरी तो दोन सेकंद करतं, नंतर पाच. सर्व्हिसने बसवर नाव घेतलं की ‘नेमओनरचेंज्ड’ सिग्नल येतो, त्याची वाट बघा. शेल स्क्रिप्टमध्ये ‘जीडीबस वेट’ला सर्व्हिसचं नाव आणि मुदत दिली की तेच काम होतं.

मात्र नाव घेतलं म्हणजे सर्व्हिस तयार झाली असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा तिने आपले ऑब्जेक्ट आधी बसवर मांडलेले असतात. नाव आधी आणि ऑब्जेक्ट नंतर असं लिहिलं असेल तर टेस्टला मधेच ‘अननोनमेथड’ किंवा ‘अननोनऑब्जेक्ट’ मिळतं, तेही दहा वेळांतून एखाद्या वेळी. हा दोष टेस्टचा नाही, सर्व्हिसचा आहे. क्रम बदला.

६. सिग्नल पकडताना क्रम पाळा

आता मूळ टेस्ट. ‘बॅटरीकमी’ हा सिग्नल ऐकण्यासाठी आधी नोंदणी करा. मग मॉकच्या बॅटरी ऑब्जेक्टवर ‘अपडेटप्रॉपर्टीज’ मारून टक्केवारी ९.० करा. त्यावर मॉक ‘प्रॉपर्टीजचेंज्ड’ सोडतो, आपली सर्व्हिस ते ऐकते आणि इशारा देते. टेस्टमध्ये मेन लूप चालवा, सिग्नल आला की लूप सोडा, आणि दोन सेकंदांत आला नाही तर टेस्ट पाडा.

नोंदणी उशिरा केलीत तर सिग्नल येऊन निघून गेलेला असतो, बस तो तुमच्यासाठी राखून ठेवत नाही. पायथनमध्ये ‘डीबसजीमेनलूप’ हे बसला जोडण्याच्या आधी ठरवावं लागतं. नंतर ठरवलंत तर त्याआधी उघडलेल्या कनेक्शनवर सिग्नल मिळणार नाही.

‘इशारा येता कामा नये’ ही टेस्ट जास्त नाजूक आहे. टक्केवारी ५० केली आणि काही आलं नाही, पण किती वेळ थांबून ‘आलं नाही’ म्हणायचं? इथे डी-बसची एक हमी कामी येते: एकाच प्रेषकाने तुम्हाला पाठवलेले संदेश पाठवले त्याच क्रमाने पोचतात. मॉकवरची ‘अपडेटप्रॉपर्टीज’ची हाक पूर्ण झाली की बदलाचा सिग्नल निघालेला असतो. त्यानंतर आपल्या सर्व्हिसवरची एखादी साधी मेथड, समजा ‘शेवटचीटक्केवारी’, ५० सांगेपर्यंत तिला पुन्हा पुन्हा विचारा. ५० हे उत्तर हातात आलं म्हणजे सर्व्हिसने तो बदल पाहिला आहे. इशारा सोडायचा असता तर तो या उत्तराच्या आधी येऊन पोचला असता. लूपमध्ये साचलेले संदेश एकदा निपटून घ्या आणि मग यादी रिकामी आहे का ते बघा. अर्थात टक्केवारीची नोंद आणि इशारा हे दोन्ही सर्व्हिसमध्ये एकाच झटक्यात व्हायला हवेत. इशारा टायमरवर टाकला असेल तर ही युक्ती चालत नाही.

याच पायरीवर आणखी दोन टेस्ट हव्यातच. ‘प्रॉपर्टीजचेंज्ड’मध्ये फक्त बदललेल्या गोष्टी येतात. म्हणून टक्केवारी न बदलता फक्त ‘टाइमटूएम्प्टी’ बदलून बघा. टक्केवारी प्रत्येक वेळी मिळेलच असं धरून लिहिलेला कोड तिथे कोसळतो. दुसरी, मॉकची प्रोसेस मधेच मारा आणि पुन्हा उभी करा. खऱ्या मशीनवर पॅकेज अपडेट झालं की यूपॉवर असंच मरून परत येतं. त्यानंतरही आपल्या सर्व्हिसला टक्केवारी कळायला हवी.

७. प्रकार तपासा

डी-बसला प्रकाराची सूट चालत नाही. पायथनने पाठवलेला साधा आकडा ३२ बिटांचा साइन्ड (ऋणही चालणारा) पूर्णांक म्हणून जातो. समोर अनसाइन्ड हवा असेल तर हाक नाकारली जाऊ शकते. रिकामी यादी पाठवताना तिच्यात काय असतं हे पायथनला ओळखता येत नाही, सिग्नेचर (प्रकारांची खूण) हाताने द्यावी लागते. मॉकमध्ये चुकीचा प्रकार लिहिलात तर टेस्ट हिरवी होते आणि खऱ्या यूपॉवरसमोर सर्व्हिस पडते. म्हणून मॉकचे प्रकार आठवणीतून लिहू नका. खऱ्या सर्व्हिसवर ‘जीडीबस इंट्रोस्पेक्ट’ चालवा आणि तिथले उतरवून घ्या.

८. आवरणं

प्रत्येक टेस्टनंतर मॉक आणि सर्व्हिस दोघांना ‘टर्मिनेट’ करा आणि ‘वेट’ही करा. ‘वेट’ राहिलं तर पुढच्या टेस्टला तेच नाव घेता येत नाही, कारण आधीच्याने ते अजून सोडलेलं नसतं.

टेस्ट मधेच, कुठलाही संदेश न देता संपते का? बस गेल्यावर स्वतःही मरायचं, ही लायब्ररींची जुनी सवय आहे. लिबडीबस या डी-बसच्या मूळ लायब्ररीचं सामायिक कनेक्शन तुटलं की ती प्रोसेस १ कोडने बंद करते. जीडीबस लायब्ररी स्वतःलाच ‘सिगटर्म’ पाठवते आणि शेलमध्ये १४३ दिसतो. टेस्टच्या प्रोसेसमध्ये ही सवय बंद करा.

तिसरी गोष्ट कॅशची. ‘सेशनबस’ किंवा ‘जी_बस_गेट’ एकदा जोडलेलं कनेक्शन जपून ठेवतात. पहिल्या क्लासची बस मेली, दुसऱ्याची नवी आली, तरी कोड जुन्याच कनेक्शनला धरून बसतो. पत्ता देऊन खासगी कनेक्शन उघडलं की हा प्रश्न येत नाही.

सी आणि ग्लिबमध्ये (सीची पायाभूत लायब्ररी) लिहीत असाल तर २.३४ आवृत्तीपासून ‘जीटेस्टडीबस’ तयार आहे. ‘अप’ने बस सुरू होते, ‘डाउन’ने बंद. ‘डाउन’ सामायिक कनेक्शन कुणी धरून ठेवलं आहे का तेही बघतं आणि कुणी सोडलं नसेल तर थांबून तक्रार करतं. ती तक्रार दाबू नका, तुमच्या कोडमध्ये खरोखर कुठेतरी रेफरन्स गळतो आहे.

९. बिल्ड सर्व्हरवर

कंटेनरमध्ये ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ अनेकदा नसते आणि लिबडीबस ‘बरोबर बसवलेली नाही’ अशी तक्रार करते. टेस्टच्या आधी ‘डीबस-यूयूआयडीजेन --एन्शुअर’ चालवा. मेसन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर त्याची प्रत्येक टेस्टची मुदत मुळात ३० सेकंद असते. २५ सेकंदांच्या दोन हाका अडकल्या की मेसनच टेस्ट मारतो आणि ‘नोरिप्लाय’ कधी दिसतच नाही. टेस्ट समांतर चालत असतील तर प्रत्येक टेस्ट फाइलला वेगळं ‘डीबस-रन-सेशन’ द्या. एका बसवर दोन फाइल एकच नाव घ्यायला भांडतात.

१०. अडलं तर, आणि जे इथे तपासलं जात नाही

‘डीबस-रन-सेशन -- बॅश’ करून आतल्या शेलमध्ये ‘डीबस-मॉनिटर --सेशन’ मागे सोडा आणि त्याच शेलमधून टेस्ट चालवा. सेशन बस टेस्ट स्वतः सुरू करत असेल तर तो पत्ता छापून घ्या आणि मॉनिटरला ‘--ॲड्रेस’ने द्या. कोणता संदेश गेला, कुणाकडे, कोणत्या प्रकारात, सगळं डोळ्यांसमोर येतं. ग्लिबवरच्या सर्व्हिससाठी ‘जी_डीबस_डीबग’ला ‘मेसेज’ ही किंमत दिली तरी पुरतं.

या एकांतात एक गोष्ट मात्र कधीच सापडणार नाही. आपल्या टेस्टच्या बसची पॉलिसी सगळ्यांना सगळं करू देते. खरी सिस्टम बस मुळात कुणालाच नाव घेऊ देत नाही, त्यासाठी ‘/यूएसआर/शेअर/डीबस-१/सिस्टम.डी’मध्ये सर्व्हिसची पॉलिसी फाइल लागते. ती फाइल पॅकेजमध्ये टाकायची राहिली तर सगळ्या टेस्ट हिरव्या असतील आणि इन्स्टॉल केल्यावर सर्व्हिस उठणारच नाही. शिवाय फेडोरावर ३० व्या आवृत्तीपासून डीबस-ब्रोकर हाच मूळ डेमन आहे, आणि आपण टेस्ट केली ती डीबस-डेमनवर. सिस्टम बसवर नाव घेणाऱ्या सर्व्हिससाठी म्हणून एक वेगळी तपासणी ठेवा: स्वच्छ व्हर्च्युअल मशीन, त्यात पॅकेज बसवायचं, खऱ्या सिस्टम बसवर ‘बसकटल’ने एक हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं.